संगणकाशी गट्टी : पक्ष, साध्य आणि सिद्धता



भूमितीचा तास आठवा. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश असते, हे बाईंनी शिकवलं तेव्हा तुमच्यापैकी काहींनी कोनमापक लावून दोन-चार त्रिकोण मोजूनही पाहिले असतील. पण जगातले सगळे त्रिकोण कोण मोजणार? म्हणून तर आपण वहीत पक्ष, साध्य, सिद्धता असं लिहितो. एकदा सिद्ध झालं की मोजत बसायला नको!

संगणकाचा प्रोग्रामही असाच सिद्ध करता येतो, बरं का! पण त्याची गरज काय? ऐका तर.

४ जून १९९६ चा दिवस. दक्षिण अमेरिकेतल्या कुरू इथून युरोपचं नवंकोरं एरियन-५ रॉकेट चार उपग्रह घेऊन निघालं आणि जेमतेम ४० सेकंदांत आकाशातच त्याच्या ठिकऱ्या उडाल्या. सुदैवानं आत माणूस नव्हता. चौकशीत काय निघालं? दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेतला एक प्रोग्राम जुन्या एरियन-४ वरून उचलला होता. त्यात वेगाशी संबंधित एक आकडा अशा छोट्या जागेत ठेवायचा होता, की तिथे ३२,७६७ पेक्षा मोठा आकडा मावतच नसे. एरियन-४ च्या उड्डाणात तो आकडा तेवढा वाढत नसे. एरियन-५ चा मार्ग वेगळा, त्यामुळे इथे तो वाढला. झालं! यंत्रणा बंद पडली. मदतीला ठेवलेल्या दुसऱ्या यंत्रणेतही तोच प्रोग्राम, म्हणून तीही बंद! रॉकेट भरकटलं.

म्हणजे प्रोग्राम इतके दिवस नीट चालला, एवढ्यानं तो बरोबर ठरत नाही.

ही गोष्ट कितीतरी आधी ओळखणारे एक शास्त्रज्ञ होते टोनी होअर. जन्म १९३४ साली कोलंबोचा. गंमत म्हणजे ऑक्सफर्डला ते शिकले ग्रीक, लॅटिन आणि तत्त्वज्ञान! तिथेच त्यांना तर्कशास्त्राची गोडी लागली. पुढे बेलफास्टच्या विद्यापीठात प्राध्यापक असताना, १९६९ साली, त्यांनी एक छोटासा निबंध लिहिला. त्यात म्हटलं होतं, की प्रत्येक प्रोग्रामच्या आधी 'काय खरं असायला हवं' ते लिहा आणि नंतर 'काय खरं होईल' ते लिहा. मग तर्कानं दोन्ही जोडून दाखवा. आहे की नाही आपल्या वहीतलंच, पक्ष आणि साध्य?

समजा, तुमच्या वाढदिवसासाठी प्रोग्राम केला : 'एकूण पेढे भागिले मुलांची संख्या'. ५, १०, ३० मुलं घालून पाहिलीत. सगळी उत्तरं बरोबर! पण धो धो पावसामुळे एकही मूल आलं नाही तर? शून्यानं भागायचं कसं? तेव्हा पक्षात लिहायला हवं : 'मुलं शून्याहून जास्त'. एरियनच्या त्या प्रोग्रामचाही असाच एक पक्ष होता : 'आकडा ३२,७६७ च्या वर जाणार नाही'. नव्या रॉकेटसाठी तो खरा आहे का, हे कुणी तपासलंच नाही.

होअर यांना १९८० साली संगणकशास्त्रातलं सर्वोच्च 'ट्यूरिंग पारितोषिक' मिळालं. त्यांच्या विचारावर इतरांनी पुढे इमले चढवले. फ्रान्सच्या जाँ-रेमों आब्रियाल यांनी 'बी' नावाची पद्धत काढली. पॅरिसमध्ये १९९८ साली मेट्रोची १४ नंबरची लाइन सुरू झाली. ती चालकाविना धावते! तिच्या सुरक्षिततेचा भार असलेले प्रोग्राम या 'बी' पद्धतीनं सिद्ध केलेले होते.

मात्र एक लक्षात ठेवा. पक्षच चुकीचा लिहिला, तर सिद्धता कितीही सुबक असो, उपयोग शून्य. आणि सिद्धता लिहायला वेळ खूप लागतो. म्हणून जिथे माणसांचे प्राण अवलंबून असतात, तिथे हे कष्ट आधी घेतले जातात.

आता तुमची पाळी! यादीतला सर्वांत मोठा आकडा शोधायचा आहे. रीत अशी : मनात ० धरा. यादीतला एकेक आकडा पाहा. मनातल्यापेक्षा मोठा असेल, तर तो मनात धरा. शेवटी मनात उरेल ते उत्तर. परीक्षेच्या गुणांवर ही रीत छान चालते. आता लेहमधल्या जानेवारीतल्या रात्रींचं तापमान घालून पाहा बरं! कुठे चुकलं? पक्षात काय लिहायला हवं होतं?

आई-बाबांनाही विचारा. पण आधी स्वतः डोकं खाजवा हं!