आकाश कुणाच्या हातात?

कोकणातल्या कितीतरी घरांतला कर्ता माणूस आखातात आहे. तो ज्यांनी ये-जा करतो त्या सौदिया, एमिरेट्स, कतार एअरवेज एकाच संघटनेच्या सदस्य : अरब एअर कॅरियर्स ऑर्गनायझेशन. १९६५ साली अरब लीगच्या पुढाकाराने स्थापना, मुख्यालय बैरूत. एकत्र इंधनखरेदी, प्रशिक्षण, नियमांवर एकमुखी भूमिका ही तिची कामं.

पण जून २०१७ मध्ये सौदी, अमिरात, बहरीन, इजिप्तने कतारच्या विमानांना आकाश बंद केलं. ते उघडायला जानेवारी २०२१ उजाडलं, तेही सरकारांच्या समझोत्याने. म्हणजे संघटना कंपन्यांचा खर्च वाचवेल, रस्ता मात्र सरकारंच उघडतात. भारत-आखात उड्डाणांच्या जागाही सरकारी करारातच ठरतात. मग ईदच्या तोंडावर तिकीट भडकलं, तर सवाल आपल्या खासदाराला विचारायला हवा.