कृष्णेच्या माशांची फिर्याद

कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये ज्याचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले, तो दख्खनचा महसीर, म्हणजे आपली खडशी, पर्जन्यकाळी प्रवाहाविरुद्ध चढून निर्मळ, खडकाळ पात्रात अंडी घालतो. पाश्चात्त्य देशांतील सॅल्मनप्रमाणे त्याचीही वंशवृद्धी वाहत्या पाण्यावर व मोकळ्या वाटेवर अवलंबून आहे. महाबळेश्वरी उगम पावून वाई, कऱ्हाड, सांगली अशी वाहणाऱ्या कृष्णेत ती वाट धरणे व बंधारे यांनी अडविली, वाळूउपशाने पात्र खरवडले गेले, आणि मार्च 2023 मध्ये सांगलीनजीक मृत माशांचा खच काठाला लागला, तेव्हा 1974 चा जलप्रदूषण-प्रतिबंधक कायदा नदीपर्यंत पोहोचलाच नाही, हे सर्वांच्या प्रत्ययास आले. सरकारदरबारी आमची मागणी स्पष्ट आहे: धरणांतून बारमाही किमान विसर्ग सोडावा, कारखान्यांच्या व शहरांच्या सांडपाण्याची तपासणी करून तिचे निष्कर्ष जाहीर करावेत, विणीच्या हंगामात मासेमारीस मनाई करून मच्छीमार कुटुंबांस निर्वाहभत्ता द्यावा, आणि निवडक डोह राखीव ठरवावेत. धरणांनी व उसाने कृष्णाकाठच्या जिल्ह्यांस समृद्धी दिली, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. परंतु ज्या नदीच्या पाण्यावर ती समृद्धी उभी आहे, तिच्या जीवसृष्टीच्या रक्षणाचा हुकूम येत्या पावसाळ्यापूर्वी निघालाच पाहिजे.