छातीतलं दुखणं ‘गॅस’ म्हणून दाबू नका

छातीत दुखलं की आपल्या वस्तीत सोडा पाजतात. पण हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं. झटक्यात ते जितकं जास्त, तितका जिवाला धोका मोठा. ते वाढायला मात्र काही तास लागतात. म्हणून पहिला ईसीजी, पहिलं रक्त चांगलं आलं, तरी दुखणाऱ्या माणसाला घरी आणू नका. ३ ते ६ तासांनी रक्त पुन्हा तपासायचं का, हे डॉक्टरांना विचारा. ईसीजीतच झटका दिसला, तर रक्ताच्या रिपोर्टसाठी उपचार थांबता कामा नयेत.

उमरखेडहून यवतमाळचं मेडिकल कॉलेज लांब आहे. ही तपासणी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातच, चोवीस तास, मोफत मिळाली पाहिजे. निवेदन द्या, सह्या गोळा करा. आणि दुखणं उठलं, तर आधी १०८ लावा.