कबरीची पिसं का गळाली?



आमची आष्टी तुमच्यापैकी काहींनी नकाशात शोधली आणि ती त्यांना बीड जिल्ह्यात सापडली! ती वेगळी. आमची आष्टी जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. आजची गोष्ट इथल्याच एका अंगणातली आहे.

नवरात्राचे दिवस होते. मधल्या सुट्टीत चौथीतली एक मुलगी माझ्यासमोर आली आणि तिने मूठ उघडली. मुठीत काळी-पांढरी पिसं!

"बाई, ही कबरीची. रोज गळायलीत."

कबरी म्हणजे तिची लाडकी कोंबडी. गेले काही दिवस तिने अंडंही दिलं नव्हतं. आजीने तर सांगून टाकलं होतं, "नवरात्र सरू द्या. दसरा झाला की कालवण करू तिचं." आणि शेजारच्या काकूंना वेगळीच धास्ती, बर्ड फ्लू तर नसेल? त्यांची भीती अगदीच उगीच नव्हती. जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यात, मुरुंबा गावी, या रोगाने शेकडो कोंबड्या मेल्या होत्या. पण त्या रोगात एका कोंबडीची पिसं हळूहळू गळत बसत नाहीत, पटापट कोंबड्या मरू लागतात. तसं कधी दिसलं, तर मेलेल्या पक्ष्यांना हात लावायचा नाही आणि ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. इथे कबरी हिंडत होती, दाणे टिपत होती.

मी लगेच माझं शहाणपण काढलं. म्हटलं, "अगं, काही काळजी करू नकोस. ती जुनी पिसं टाकते आहे."

हे खोटं नव्हतं. साप कात टाकतो ना, तशी मोठी कोंबडी साधारण वर्षातून एकदा जुनी पिसं टाकते. दिवस लहान होऊ लागले की बहुधा याची सुरुवात होते. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो. दिवसाचा उजेड कमी झालेला कोंबडीच्या शरीराला कळतो. मग आधी डोकं आणि मान, नंतर पाठ, छाती, पंख आणि शेवटी शेपटी, अशी साधारण क्रमाने पिसं गळतात. पीस जवळजवळ सगळं प्रथिनाचंच असतं. आपली नखं आणि केस ज्या केराटिनचे, त्याच जातीचं. एवढी नवी पिसं विणायची म्हणजे अंडी घालायला ताकद कुठून उरणार? म्हणून त्या दिवसांत अंडी थांबतात.

झालं! प्रश्न सुटला, असं मला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी ती मुलगी पुन्हा हजर.

"बाई, जुनी पिसं टाकली तर खालून नवी फुटतात ना? कबरीला कुठंच फुटली न्हाईत."

मी गप्पच झाले. खरंच, नव्या पिसांचे कोंब सुईसारखे टोचरे असतात, बोटाला लगेच लागतात. मी कोंबडी न बघताच निकाल दिला होता! मग तिला एक काम दिलं. वहीत कोंबडीचं चित्र काढायचं आणि जिथे पिसं नाहीत तिथे रेघा मारायच्या.

हे चित्र फार कामाचं असतं बरं का. नुसती पाठ आणि डोक्यामागचा भाग उघडा पडला असेल, तर बहुधा कोंबड्याच्या नख्यांचा आणि चोचीचा प्रताप. पोटाखालची पिसं गेली असतील आणि कोंबडी फुगून एकाच जागी बसत असेल, तर ती खुडूक झाली आहे. अंड्यांना अंगाची ऊब लागावी म्हणून ती स्वतःच पोटाची पिसं उपटते. शेपटीखालच्या पिसांच्या बुडाशी पांढरे पुंजके दिसले, तर त्या उवांच्या लिखा. दाटीवाटीने कोंडलेल्या कोंबड्या एकमेकींचीही पिसं उपटतात.

चित्रात रेघा होत्या मान, छाती आणि मांड्यांवर. घरी कोंबडा नव्हता. कबरी खुडूकही नव्हती. लिखा दिसल्या नाहीत. तुरा मात्र फिकट झाला होता. आणि बोलता बोलता ती मुलगी म्हणाली, "आता ती सांजच्याला खुराड्यात जातच न्हाई. धरून कोंडावं लागतंय." घरात एक तलंगही होती. ती रोज लिंबाच्या झाडावर झोपायची, आणि तिचं एक पीस गळलं नव्हतं!

तुमच्या ध्यानात आलं का?

त्याच रात्री नऊ वाजता बॅटरी आणि पांढऱ्या फडक्याचा तुकडा घेऊन मी त्यांच्या अंगणात गेले. खुराडं जुन्या फळ्यांचं होतं. फळ्यांच्या फटीत फडकं दाबून फिरवलं आणि उजेडात धरलं. त्यावर रक्ताचे बारीक लाल ठिपके, आणि काही ठिपके चक्क चालत होते!

"अगं बाई, ढेकूण!" आजी ओरडल्या.

ढेकूण नव्हेत, पण सवय तीच. हे माइट. आठ पायांचे, कोळ्याच्या गोतातले, टाचणीच्या डोक्याहून लहान. दिवसभर फटीत लपतात, रात्री कोंबडीचं रक्त पितात. म्हणून दिवसा तिच्या अंगावर काही सापडत नाही. बिचारी रात्रभर खाजवत राहते, पिसं उपटते. कोंबडीवरून ते माणसालाही चावतात. हे ऐकून आजींनी स्वतःचे हात पुढे केले. दंडावर पुरळ होतं. त्यांची बाज खुराड्याला लागूनच होती.

वडील कपाशीच्या फवारणीचं उरलेलं औषध घेऊन आले. मी त्यांना हात जोडले. ते विष कोंबडीच्या अंगात, तिच्या अंड्यांत आणि आपल्या पोटात जाऊ शकतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि मजूर दगावले. असलं औषध कोंबडीच्या अंगाला कधीही लावू नका. लागलंच, तर दवाखान्यातले डॉक्टर देतील तेच.

पुढचं सगळं आजींनी केलं. खुराड्यातला पाचोळा जाळला. मोठ्या माणसांनी फटीफटीत उकळतं पाणी ओतलं. फळ्या उन्हात वाळल्या, फटी बुजवल्या, आतून चुना फासला. कबरीसाठी अंगणात राख-मातीचा खड्डा केला. तीत ती अशी लोळली म्हणता! आठवड्याने उकळत्या पाण्याचं काम पुन्हा केलं, कारण तेवढ्या दिवसांत राहिलेल्या अंड्यांतून नवे माइट तयार होतात. आणि खुराडं नुसतं रिकामं ठेवून भागत नाही. हे पठ्ठे कित्येक महिने उपाशी राहू शकतात.

दसरा आला. आजी म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत बघू." दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलगी धावतच वर्गात आली, "बाई, मानंवर सुया फुटल्यात! अन् सांजच्याला ती आपली आपणच खुराड्यात जाती."

आता वर्गातला एक मुलगा आपल्या कोंबडीचं चित्र घेऊन आला आहे. रेघा फक्त पाठीवर आहेत, आणि त्यांच्या घरी दोन कोंबडे आहेत. त्याला काय सांगू? कळवा बरं मला.

तुमची,
बाई