पंप लावला की सुटत नाही?

धान चुरणीचे दिवस आले की आमच्या सालेकसा तालुक्यात घराघरांतून खोकल्याचा आवाज वाढतो. थ्रेशरमधून उडणारा कोंडा, सकाळची थंडी, त्यात चुलीचा धूर. मागच्या हिवाळ्यात परिपाठ चालू असताना आमच्या वर्गातली नववीची एक मुलगी मैदानातच खाली बसली. ओठ निळसर पडलेले, एक वाक्य पुरे बोलता येईना. दप्तरात पंप नव्हता, कागदात गुंडाळलेली गोळी होती. ऑटोत घालून तिला दवाखान्यात नेले, वाफ दिली, ऑक्सिजन लावला. दुपारपर्यंत पोर बोलू लागली, अल्हम्दुलिल्लाह.

संध्याकाळी तिच्या घरी गेलो. आई म्हणाली, "मॅडम, पंप एकदा लावला की सुटत नाही म्हणतात. आणि उद्या कुणी बघायला आलं अन् पोरीच्या हातात पंप दिसला तर?" वडील म्हणाले, "गोळी स्वस्त पडते, मॅडम." एक प्रश्न लाजेचा, दुसरा पैशाचा. पैशाचा सोपा होता, म्हणून तिथेच वहीच्या पाठकोऱ्या पानावर हिशोब मांडला.

सालब्युटामॉलची गोळी साधारण ४ मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका दाबात तेच औषध १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीच्या चाळिसावा भाग. गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळ्या अंगात फिरते. म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते आणि आराम पडायला अर्धा तास लागतो. पंपाचे औषध सरळ श्वासनळ्यांत जाते आणि पाच मिनिटांत दम मोकळा होऊ लागतो. एका पंपात २०० दाब असतात. पंप दोनशे रुपयांचा धरला तरी दाबाला रुपया पडला. मग स्वस्त काय?

पण हा पंप फक्त आवळलेली नळी सैल करतो, आतली सूज तशीच राहते. ती उतरवायला बुडेसोनाइडसारखे औषध रोज ओढावे लागते, बरे वाटत असतानाही. हा पंप चारशेचा धरा, सकाळ-संध्याकाळ एकेक दाब धरा, तर १०० दिवस पुरतो. रोजचे चार रुपये झाले. दमा-तज्ज्ञांच्या 'ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा' या जागतिक मंडळाने २०१९ सालापासून स्पष्ट सांगितले आहे की मोठ्यांनी आणि किशोरवयीन मुलांनी एकट्या सालब्युटामॉलवर भागवू नये. ही दोन्ही औषधे सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत, त्यामुळे त्यांच्या किमतीवर मर्यादा आहे. जनऔषधी केंद्रातही विचारून पाहावे.

आता साधन कोणते घ्यावे? दाबायचा पंप, कॅप्सूल घालून ओढायचे मशीन (ज्याला सगळे रोटाहेलर म्हणतात), की वाफेची विजेवरची मशीन? इंग्लंडात २००१ साली अनेक चाचण्या एकत्र तपासून एक आढावा प्रसिद्ध झाला. नीट वापरले तर हाताने ओढायच्या साधनांत गुणाचा फारसा फरक दिसला नाही. म्हणून ज्याला जे जमते त्यातले स्वस्त ते घ्यावे, असा त्याचा निष्कर्ष होता.

सगळा गुंता त्या 'नीट' शब्दात आहे. आमच्या घरचेच सांगतो. अम्मी कित्येक वर्षे पंप जिभेवर मारून तोंड मिटत असत आणि औषधाला दोष देत. आमच्या एका नात्यातल्या चच्चांनी तर मशीनच्या कॅप्सूल पंधरा दिवस पाण्याबरोबर गिळल्या! पंप आधी हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग दाबत दाबत हळू आणि खोल ओढायचे आणि दहापर्यंत मोजेस्तोवर धरून ठेवायचे. कॅप्सूलच्या मशीनचे उलटे आहे. तिथे जोरात, झटक्याने ओढावे लागते, नाहीतर पूड आतच राहते. म्हणून लहान लेकरांना आणि दम फार लागलेल्या माणसाला ती जमत नाही. पावसाळ्यात कॅप्सूलला ओल लागली की पुडीचे गोळेही होतात. मशीन स्वस्त असली तरी दिवसाला दोन कॅप्सूल म्हणजे तिसांची बाटली पंधरा दिवसांत संपते. रोजंदारीच्या घराला एकदम चारशे जड जातात आणि छोटी बाटली परवडते, हेही खरे. बाटलीवरची किंमत तिसाने भागून पाहावी.

पंपाला स्पेसर लावला की दाब आणि श्वास यांचा मेळ बसवण्याची कटकटच उरत नाही. विकतचा परवडत नसेल तर आणखी एक वाट आहे. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या डॉक्टरांनी अर्धा लिटरच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून, फट बंद करून मुलांवर वापरून पाहिले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आले, आणि बाटली विकतच्या स्पेसरइतकीच चालली होती. थर्माकोलचा पेला मात्र चालला नाही. मुलांच्या झटक्यातही पंप आणि स्पेसर वाफेच्या मशीनला हार जात नाही, असे पुढच्या अभ्यासांत दिसले आहे. आणि लाइट गेली की ती मशीन काय कामाची! दम उतरेना, बोलता येईना, तर पंप मारत मारतच दवाखाना गाठायचा, हे वेगळे सांगायला नको. बुडेसोनाइड ओढल्यावर चूळ भरावी, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते.

रमजानचा प्रश्न दरवर्षी येतो. पंपाने रोजा तुटतो की नाही, यावर उलेमांत दोन मते आहेत. आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावे. रोजचे औषध सकाळ-संध्याकाळचे असेल तर सेहरी आणि इफ्तारला बसते. पण दम लागला असताना रोज्यासाठी पंप अडवून धरू नये. आजाऱ्याला दीनने सवलत दिलेली आहे.

राहिला लाजेचा प्रश्न. त्या आईला आम्ही एवढेच विचारले, "भाभी, चष्मा लावला तर सुटत नाही, म्हणून पोरीला आंधळी ठेवाल का?" त्या हसल्या नाहीत. आठ दिवसांनी मात्र वडील मुलीला डॉक्टरांकडे घेऊन गेले.

आता पंप तिच्या कंपासपेटीत असतो. सुरू केल्याची तारीख तिने निळ्या पेनाने त्यावर लिहिली आहे. यंदाच्या चुरणीत तिची एकही सुट्टी पडली नाही. शेजारणींना आईने अजून काही सांगितलेले नाही.