निर्धार कोणाचा, जबाबदारी कोणाची?

जलोदराने पोट फुगलेला, डोळे पिवळे पडलेला मजूर रुग्णालयात दाखल होतो तेव्हा दारू सोडण्याचा त्याचा निर्धार खरा असतो. पोटातले पाणी काढले जाते, भूक लागू लागते, तो घरी जातो. पुढे शपथ मोडली की समाज निष्कर्ष काढून मोकळा होतो : याला इच्छाशक्तीच नाही. हा निष्कर्ष फार सोयीचा आहे.

यकृत हा मुका अवयव. पुष्कळ बिघाड होईपर्यंत तो तक्रार करीत नाही. दारू थांबली तर त्यात साठलेली चरबी काही आठवड्यांत ओसरू शकते. सिऱ्होसिस जडल्यावरही मद्यत्यागाने आयुष्य वाढते. निर्धाराला फळ नाही असे मुळीच नव्हे. परंतु भीतीतून आलेला निर्धार बरे वाटू लागताच ओसरतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली निराळी वाट दाखविली : रुग्णाला दटावू नये, दारू सोडण्याची कारणे त्याच्याच तोंडून वदवावीत. त्याला वेळ लागतो, पुन्हापुन्हा भेटावे लागते. गर्दीने भरलेल्या सरकारी बाह्यरुग्ण विभागात एवढी उसंत कोणाला? शिवाय अट्टल मद्यपीने एकाएकी दारू तोडली तर झटके येऊन प्राणावर बेतू शकते. म्हणजे निव्वळ निर्धार धोक्याचाही ठरतो. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’सारख्या संस्थांनी पाठपुरावा हाही उपचारच मानला. पण मूठभर संस्थांनी राज्याचा भार किती वाहावा?

दारू महाग करा, असे अर्थशास्त्र सांगते. स्कॉटलंडने मे २०१८ पासून किमान किंमत ठरविली. २०२३ च्या मूल्यमापनात निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू सुमारे १३ टक्क्यांनी घटल्याचे अनुमान निघाले. मात्र व्यसनाच्या पूर्ण आहारी गेलेल्या काही गरिबांनी दारूऐवजी अन्नावरचा खर्च तोडला, हेही त्यात आढळले. अर्थात आजारी पडलेल्याला एकट्या किमतीने वाचविता येत नाही.

महाराष्ट्र शासनाने जून २०२५ मध्ये दारूवरील उत्पादन शुल्क वाढविले ते महसुलाकरिता. सोबत ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा नवा वर्गही काढला. अपेक्षित वाढीव उत्पन्नाचा आकडा जाहीर झाला : चौदा हजार कोटी रुपये. या रकमेतून प्रत्येक जिल्हा रुग्णालयात यकृतरुग्णांसाठी समुपदेशक, आणि घरी परतलेल्या रुग्णाकडे वर्षभर जाणारा आरोग्यसेवक किती नेमणार, हा प्रश्न कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातून लेखी विचारावा.