विश्लेषण : वर्गातल्या दादागिरीत ‘बघ्यां’चा वाटा किती?

मुलाला शाळेत त्रास होतोय अशी तक्रार आली की शाळा दोघांना बोलावते. समज दिली जाते, हात मिळवायला लावतात, विषय संपतो. आठवडाभरात पुन्हा तेच. त्या खोलीत उरलेल्या वर्गाला कुणी बोलावलेलेच नसते.

वर्ग काय करत असतो?

फिनलंडच्या संशोधक क्रिस्तिना साल्मिवाल्ली आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवले, की अशा प्रसंगात जवळपास प्रत्येक मुलाची काही ना काही भूमिका असते. कुणी हस्तक, कुणी हसून बळ देणारा, कुणी बाजूला सरकणारा, कुणी सोसणाऱ्याची बाजू घेणारा. चष्मा लावणाऱ्याला ‘ढापण्या’ म्हणणारा एकच असतो. पण मागचे दोन बाक हसले की ते नाव वर्षभर चिकटते. आमच्या इंजिनीअरिंगच्या भाषेत हा निव्वळ फीडबॅक लूप. हशा बंद झाला की सिग्नल विरतो.

टोरंटोतील शाळांच्या मैदानांवर केलेल्या चित्रीकरणाचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. ८८ टक्के प्रसंगांत इतर मुले हजर होती. मध्ये पडली फक्त १९ टक्क्यांत. मात्र जेव्हा पडली, तेव्हा ५७ टक्के वेळा त्रास दहा सेकंदांत थांबला. दहा सेकंदांत! कोणत्याही मुख्याध्यापकांना हे जमत नाही.

मग मुले गप्प का?

पुढचा नंबर आपला लागेल ही भीती असतेच. त्यात त्रास देणारा अनेकदा वर्गात लोकप्रिय असतो, आणि प्रत्येकाला वाटते की बाकीच्यांना हे मजेशीर वाटतेय. शिक्षकांना सांगितले तर ‘चुगलखोर’. सीबीएसईने २०१५ मध्ये शाळांना दादागिरीविरोधी समिती नेमायला सांगितले. पण हा शिक्का बसणार असेल तर समितीचे दार कोण ठोठावणार?

फिनलंडने २००९ पासून देशभर नेलेल्या ‘किवा’ उपक्रमात तक्रारीची चौकशी होतेच, शिवाय संपूर्ण वर्गासोबत तास घेतले जातात. वर्गात वजन असलेल्या दोन-चार मुलांना सोसणाऱ्याच्या सोबत राहायला सांगितले जाते. यासाठी स्मार्टबोर्ड लागत नाही.

आपल्या पालकसभेत गुण, गणवेश आणि बस यांतच वेळ जातो. ‘तुला कुणी त्रास देतं का?’ याला घरी उत्तर बहुधा ‘नाही’ येते. ‘मधल्या सुट्टीत डबा कोण एकटं खातं?’ असे विचारले, तर मात्र नाव लगेच कळते.